हेमकांतभाऊची काळी खिडकी

धडगावात तहसील कचेरीकडून बाजाराकडे उतरायला लागलं की जीपा भरतात त्या कोपऱ्याच्या अलीकडे हेमकांत पाटलाचं दुकान लागतं. पाटीवर 'सर्व प्रकारचे फॉर्म, फोटो, झेरॉक्स' असं लिहिलंय, पण ती पाटी वाचून तिथं कुणी जात नाही. लोक नुसतं म्हणतात, 'हेमकांतभाऊकडे चला.' दाखला असो, शिष्यवृत्ती असो, बँकेचं खातं असो, सगळ्याला फोटो लागतो आणि तोही सरकारला हवा तेवढाच बारीक, पन्नास केबीच्या आत. केबी म्हणजे काय ते विचारू नका. हेमकांतलाही पहिली दोन वर्षं ते धड सांगता येत नव्हतं.

माणूस पन्नाशीला टेकलेला. चष्मा दोरीला, दोरी गळ्यात, आणि तरी दिवसातून चारदा 'मन्हा चष्मा कुठे शे?' असा आरडाओरडा. फोटो काढताना कुणी हललं की खेकसणार आणि त्याच माणसाला नंतर चहा पाजणार. दुकानाच्या मागच्या भिंतीवर पांढरी चादर, चादरीपुढे लाकडी खुर्ची. वीस वर्षांत त्या खुर्चीवर सातपुड्याचा किती डोंगर बसून गेला असेल, देव जाणे.

तो मूळचा पुरुषोत्तमनगरचा. वडील सुपडूअप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. हेमकांत बारा-तेरा वर्षांचा असताना काट्यावर पहिला कॉम्प्युटर आला. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडे पळायचे, थरथरायचे आणि एका जागी थांबायचे. गाडीवान जू सोडून खिडकीत येऊन बघायचा. अप्पा पडदा त्याच्याकडे वळवून म्हणायचे, "दख भो. हाई यंत्र खोटं बोलत नई. जे करी ऱ्हायनं ते दखाडी ऱ्हायनं." म्हणजे, जे करतंय तेच दाखवतंय. उसाचा वास, गाड्यांच्या रांगा, थंडीत अप्पांच्या गळ्याभोवतीचा मफलर आणि तो काळा पडदा. हेमकांतच्या डोक्यात हे सगळं एका जागी बसलं ते कायमचं.

पुढे शहाद्याला कोर्स केला तेव्हाही पडदा काळाच होता. मग रंगीत चित्रांचे कॉम्प्युटर आले, माऊस आला, सगळं टिचक्यांवर आलं. इतर पोरं खूश झाली. हेमकांतला मात्र चुकल्यासारखं वाटायचं. टिचकी मारली की आत काय होतं ते दिसतच नाही, म्हणायचा. त्यामुळे २००४ साली मॉनिटर मांडीवर घेऊन जीपमधून घाट चढून तो धडगावला आला आणि दुकान मांडलं, तेव्हा त्याने रिकाम्या वेळात एक उद्योग केला. जुन्या पद्धतीने काळ्या खिडकीत चालतील अशा लहान लहान स्क्रिप्ट लिहिल्या, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने दिलेले हुकूम. फोटोवर माऊसचं उजवं बटण दाबलं की जी यादी उघडते ना, कापा, चिकटवा, नाव बदला, त्या यादीच्या तळाशी त्याने आपल्या दोन ओळी घातल्या. एक 'बारीक कर', दुसरी 'ठेवणीत टाक'.

'बारीक कर' दाबलं की पडद्याच्या मधोमध काळी खिडकी उघडायची, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जायच्या आणि फोटो पन्नास केबीचा होऊन बसायचा. खरी मजा दुसऱ्या ओळीची. काढलेला एकही फोटो हेमकांत पुसत नसे, सगळे 'ठेवणी' नावाच्या फोल्डरमध्ये नावानिशी जात. आता अडचण अशी की डोंगरात नावं कमी आणि माणसं जास्त. एकाच बाजाराच्या दिवशी चार करमसिंग पावरा आणि तीन तुळशीबाई वळवी यायच्या. म्हणून ती काळी खिडकी प्रत्येक वेळी थांबून विचारायची, 'कोणता?' त्या खिडकीत देवनागरी उमटत नसे, नुसते चौकोन दिसत. त्यामुळे प्रश्न मराठीत आणि अक्षरं इंग्रजी. समोरच्याला ते वाचता येत नसलं तरी खिडकी थांबली म्हणजे आपल्याला काहीतरी विचारते आहे, हे सगळ्यांना माहीत झालं होतं.

"काय म्हणते ती?" समोरचा पुढे वाकून विचारायचा.

"म्हणते, कोणती तुळशीबाई?"

मग तुळशीबाई लाजायची, बरोबरचे दोघे-तिघे भांडायचे. एक म्हणायचा मोहाच्या झाडाजवळची, दुसरा म्हणायचा, छे, बकऱ्यावाली. शेवटी जे ठरेल ते हेमकांत नावापुढे टाइप करायचा. तुळशीबाई वळवी बकऱ्यावाली. करमसिंग पावरा आंब्यावाला. फत्तेसिंग वसावे दोन बायकांचा. हा शेवटचा स्वतःच छाती काढून सांगायचा, त्याला हेमकांत तरी काय करणार! मागे रांग वाढायची, दुकानात हशा पिकायचा आणि त्या निमित्ताने हेमकांत मोडकीतोडकी पावरी बोलायला शिकला.

या ठेवणीचा खरा उपयोग पुढे कळला, तोही लोकांनीच शोधला. डोंगरातल्या घरांत त्या काळी फोटो कुठले असायला? फॉर्मला लावलेला एक आणि उरलेले पावसाळ्यात कुडाच्या भिंतीत ओल धरून गेलेले. माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांनी घरचं कुणीतरी जीपने उतरायचं आणि दुकानाच्या पायरीवर गप्प बसून राहायचं. हेमकांतला न सांगता कळायचं. तो नाव विचारायचा, 'कोणता?' विचारायचा आणि ठेवणीतून तो चेहरा बाहेर काढायचा. वहीच्या पानाएवढा छापायचा, प्लॅस्टिकमध्ये घालून द्यायचा आणि त्याचं काही घ्यायचा नाही. एकदा कुणीतरी कोंबडी आणली होती, तर तिला घेऊन परत जायला लावलं. कोंबडी दुकानभर फिरून घाण करून गेली ती गोष्ट वेगळी.

हे असं चाललं होतं. मग गेल्या मे महिन्यात यामिनी घरी आली.

यामिनी ही त्याची एकुलती एक मुलगी. तो जसा आपल्या बापाला, तशी तीही त्याला अप्पाच म्हणायची. पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत. हुशार, कामसू आणि बापावर जीव असलेली, म्हणून तर सुट्टीत आराम करायचा सोडून दुकानात येऊन बसली. जूनमधल्या प्रवेशांच्या गर्दीआधी बापाचं काम हलकं करून द्यावं, एवढंच तिच्या मनात. पहिल्याच दिवशी तिने ती काळी खिडकी उघडलेली पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"अप्पा, हाई काय शे? गिऱ्हाइकले वाटस, व्हायरस उना."

"राहू दे वं. मन्ही सवय शे."

"सवय! दर माणसामागे ही थांबते, तुम्ही गप्पा मारता आणि मागे रांग पार जीपांपर्यंत जाते."

खोटं काय होतं त्यात? आदल्याच आठवड्यात एका नव्या शिक्षकाने खिडकी बघून 'अहो, बंद करा, बंद करा' म्हणत स्वतःच फुलीवर टिचकी मारली होती आणि अर्धं काम उडालं होतं. हेमकांतने मान हलवली. यामिनीने आणखी एक लहानशी फाईल लिहिली. ती पहिल्या स्क्रिप्टला आडून चालवायची. उजवं बटण दाबा, ओळ निवडा, पडद्यावर काही म्हणजे काही हलत नाही आणि काम झालेलं असतं. "आते कोन्हले दिसाव नही," ती म्हणाली. "काम मांगेमांगे व्हई जाई."

आता खिडकीच दिसणार नसेल तर तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कोण देणार? म्हणून तिने प्रश्न काढून टाकला आणि फोटोच्या नावापुढे आपोआप तारीख लागेल असं केलं. जुन्या फोटोंच्या नावांपुढची ती बकऱ्यावाली, आंब्यावाला अशी शेपटंही तिला खटकली. फॉर्ममध्ये फाईलचं नाव तसंच जातं, कुणी साहेब बघेल तर काय म्हणेल? तिने यादीत तिसरी ओळ घातली, 'ठेवणी नीट कर'. दहा फोटोंवर करून पाहिलं, शेपटं छान गळाली. त्या दहांत एकही नाव दोनदा नव्हतं. पुण्यात नाव आणि आडनाव जुळलं तर माणूसही बहुधा एकच असतो, त्यामुळे पुढचा विचार तिच्या मनात आला नाही. पुण्याला परतताना तिने बसमधून फोन करून सांगितलं, "अप्पा, सवड मिळाली की पूर्ण फोल्डरवर ती तिसरी ओळ दाबा." हेमकांतसमोर तेव्हा सहा माणसं उभी होती. त्याने फोन खांद्यात धरूनच 'ठेवणी'वर उजवं बटण दाबलं आणि ओळ दाबली. काहीच दिसलं नाही. म्हणून पुन्हा एकदा दाबली. मग तो समोरच्या माणसाला म्हणाला, "बस खुर्चीवर, हलू नको."

जून-जुलै खरोखर सुखाचे गेले. रांग अशी पुढे सरकायची की हेमकांतला स्वतःचंच कौतुक वाटायचं. फक्त दुपारी कधीतरी त्याला दुकान फार शांत वाटायचं. माणसं येत, बसत, उठत, जात. कोणती तुळशीबाई हे कुणी विचारत नव्हतं आणि कुणी सांगतही नव्हतं. दोन-चार म्हातारी माणसं पडद्याकडे बघत बसून राहायची. त्यातल्या एकाने विचारलं, "भाऊ, आज ती मला काही विचारत नाही?" हेमकांतने हसून विषय बदलला, पण त्याला ते लागलं.

जानेवारीत गजराबाई आली.

नर्मदेच्या काठावरच्या पाड्यातली, साठीची बाई. माहेर मणिबेलीचं, ते कधीच धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पहाटे निघून दोन जीपा बदलून आली होती. पायरीवर बसली आणि डोक्यावरचा पदर नीट करत राहिली. हेमकांतने समोरच्या माणसाला थांबवलं आणि तिच्याकडे गेला.

"कोण गेलं, गजराबाई?"

"करमसिंग."

तिचा नवरा. दिवाळीनंतर तापाने गेला. हेमकांत तिथंच पायरीवर टेकला. करमसिंग पावरा, पावावाला! २०११ साली वनहक्काच्या दाव्यासाठी फोटो काढायला आला होता. खुर्चीवर असा ताठ बसला होता की श्वास घेतो की नाही ही शंका यावी. तो ताठ चेहऱ्याचा फोटो फॉर्मला गेला. मग काळी खिडकी उघडली, थांबली, आणि करमसिंगने विचारलं, "काय म्हणते?" हेमकांत म्हणाला, "म्हणते, कोणता करमसिंग?" तेव्हा तो असा काही हसला, वरचे दोन दात नसलेल्या तोंडाने, की हेमकांतने कॅमेरा उचलून आणखी एक फोटो काढला. करमसिंग म्हणाला, "सांग तिला, होळीत पावा वाजवतो तो." ठेवणीत तो हसरा फोटो राहिला.

"घरात एकपण नाही," गजराबाई म्हणाली. "आधी डोळे मिटले की दिसायचा, भाऊ. आता डोळे मिटते तर नुसता आवाज येतो. तोंड दिसत नाही. होळीच्या आधी मला ते तोंड दे."

"हे घे, आत्ता देतो," म्हणत हेमकांत उठला. चष्मा गळ्यातच असल्याने लगेच सापडला. ठेवणी उघडली आणि करमसिंग पावरा शोधलं. एकच फोटो आला. त्याने तो उघडला. गॉगल लावलेला, केसांना लाल रंग मारलेला, तूफान जीप चालवणारा करमसिंग त्याच्याकडे बघत होता.

गजराबाईने वाकून पाहिलं. "हा नाही," ती हळूच म्हणाली.

हेमकांत पुन्हा शोधायला वळला. त्याने तुळशीबाई शोधलं, एकच. फत्तेसिंग, एकच. सुकलाल, एकच. शेपटं गळाली तेव्हा सगळ्या करमसिंगांची नावं सारखी झाली होती. एक दुसऱ्यावर पडला, दुसरा तिसऱ्यावर, आणि ओळीत शेवटी असलेला तेवढा वाचला. काळी खिडकी उघडी असती तर 'याच्या जागी हा, याच्या जागी हा' अशा ओळी डोळ्यांदेखत पळाल्या असत्या आणि त्याने मधेच हात घालून थांबवलं असतं. रोज संध्याकाळी आदली नक्कल पुसून पेनड्राइव्हवर जाणारी नवी नक्कलही गुपचूप गेली होती. तिथंही एकेकच.

तो गजराबाईला काय सांगणार? 'होळीच्या आधी ये,' एवढंच म्हणाला. ती विश्वासाने मान हलवून गेली, हे त्याला जास्त झोंबलं. तिच्या पाठीकडे बघवेना त्याला.

यामिनीला फोन केला तेव्हा ती रडायलाच लागली. "अप्पा, मन्ही चूक शे."

"नई वं पोरी. बटन मी दाबं," हेमकांत म्हणाला. "न बघता दाबलं." तिने हरवलेल्या फाईली परत आणायचे दोन-तीन उपाय सांगितले, त्याने सगळे केले. आठ महिन्यांत त्या जागेवर इतकं काही लिहून झालं होतं की हाती काही लागलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, "अप्पा, तुमचा तो जुना डबा कुठे आहे?"

जुना डबा! २०१७ साली नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा आधीचा पुरुषोत्तमनगरच्या घरी नेऊन ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी हेमकांतने दुकानाला कुलूप लावलं आणि घाट उतरला. सुपडूअप्पांच्या खोलीत, त्यांच्या लोखंडी पलंगाखाली डबा होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला. ते धोतर अप्पांनीच गुंडाळलं असणार, जाण्याआधीच्या वर्षी. धूळ बसू नये म्हणून. हेमकांत ते हातात घेऊन जमिनीवरच टेकला. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. ऊस भरलेले ट्रॅक्टर रस्त्याने चालले होते आणि तोच लहानपणचा वास खोलीत येत होता. "अप्पा, यंत्र खोटं बोललं नाही हो," तो त्या रिकाम्या पलंगाला म्हणाला, "मीच त्याचं तोंड बंद केलं."

शेजारून मॉनिटर मागून आणला, तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि थांबला. हेमकांतने जीव मुठीत धरून पुन्हा दाबलं. मग काळा पडदा आला. पांढऱ्या अक्षरांत तो सांगत होता की मला तारीख आठवत नाही, आतली बॅटरी संपली आहे, पुढे जायचं असेल तर एक कळ दाब. "जायचं रे बाबा, जायचं," म्हणत हेमकांतने कळ दाबली. आत जाऊन त्याने फोल्डरसुद्धा उघडलं नाही. काळी खिडकी उघडली आणि सगळी नावं मागवली. ती खालून वर सरकत गेली. आंब्यावाला, बकऱ्यावाली, दोन बायकांचा, ढोलवाला, बोटवाला. त्यातल्या कितीतरी जणांना तो ओळखत होता आणि कितीतरी आता नव्हते. आणि मग तो. करमसिंग पावरा पावावाला.

फोटो उघडला. वरचे दोन दात नसलेलं ते हसू. पन्नाशीचा बाप्या माणूस आपल्या बापाच्या पलंगावर बसून ढसाढसा रडला, यात लाजायचं काय?

सगळे सापडले असं मात्र नाही. २०१७ नंतरचे, एकावर एक पडलेले, ते गेले. हेमकांतने आठवून आठवून यादी केली. जिवंत माणसांना पुन्हा खुर्चीवर बसवता येतं आणि तो बसवतोच आहे. पण त्यातली सत्तावीस माणसं आता नाहीत. त्यांच्या घरचं कुणी पायरीवर येऊन बसेल तेव्हा काय सांगायचं, हे त्याला अजून सुचलेलं नाही. यामिनी दोन दिवसांची रजा काढून आली आणि तिने स्वतःच्या हाताने ती आडून चालवणारी फाईल काढून टाकली. नक्कल आता तीन ठिकाणी जाते. खिडकी पुन्हा दिसायला लागली, पुन्हा 'कोणता?' विचारायला लागली आणि रांग पुन्हा जीपांपर्यंत गेली.

होळीच्या आठवड्यात बाजार फुलला होता. कमरेचे घुंगरू, मोरपिसांचे टोप, ढोल विकायला आलेले. त्या गर्दीतून गजराबाई आली आणि पायरीवर न बसता थेट आत आली. हेमकांतने तिला स्वतःच्या खुर्चीशेजारी स्टूल दिलं. फोटो त्याने अजून नव्या ठेवणीत टाकला नव्हता. मुद्दाम ठेवला होता तिच्यासाठी.

त्याने पडद्यावर फोटो मोठा केला. गजराबाईने पुढे वाकून पडद्यावरच्या त्या दातांच्या जागेला बोट लावलं. "बैलाने पाडले होते," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता डोळे पुसायला लागली.

प्रिंट निघेपर्यंत हेमकांतने फोटोवर उजवं बटण दाबलं आणि 'ठेवणीत टाक' निवडलं. काळी खिडकी उघडली, दोन ओळी सरकल्या आणि थांबली.

"काय म्हणते ती?" गजराबाईने विचारलं.

"म्हणते, कोणता करमसिंग?"

पावावाला लिहायला त्याची बोटं कळांवर गेलीच होती.

"माझा," गजराबाई म्हणाली.

हेमकांतने तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा पुसला आणि एक एक अक्षर शोधत टाइप केलं, गजराबाईचा. खिडकी मिटेपर्यंत दोघं तिच्याकडे बघत बसून राहिली.